प्रकरण अकरावे : तीनशे कापडांची गोष्ट

जेवणाचं टेबल घरात आणायचं म्हणून दादांनी एक भिंत पाडली, आणि टेबल आत आल्यावर ती परत बांधून घेतली. आता ते टेबल कधी बाहेर काढायचं झालं तर पुन्हा भिंतच पाडावी लागणार होती. दादांना ही गोष्ट इतकी आवडली होती, की नव्या घरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते आधी भिंत दाखवायचे आणि मग टेबल. एकाच झाडाच्या एकाच फळीचं टेबल, तीस माणसं ऐसपैस बसतील एवढं. घरात राहणारी माणसं तीन : दादा, मुलगा आणि सून.

आज जेवायला आठ जण होते. ते एका टोकाला बसले तर उरलेलं टेबल ओस दिसेल, म्हणून सुनेने मध्येमध्ये फुलदाण्या मांडल्या होत्या. दादा सकाळपासून चार वेळा तिथे चक्कर मारून आले. त्यांचं लक्ष मात्र फुलांत नव्हतं. जेवणानंतर जुन्या लॉन्ड्रीची इमारत विकायच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. ती घेणारा गोदामवाला बायकोला घेऊन एक वाजता येणार होता. इमारत तिघा भावंडांच्या नावावर होती, म्हणजे सह्याही तीन लागणार होत्या. दादांची झालेली होती. धाकट्याने मान डोलावली होती. ताईने गेल्या महिन्यात फोनवर "भेटल्यावर बोलू" असं म्हणून फोन ठेवला होता.

ताई हे तिचं घरातलं नाव. धाकटा म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले, तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले दादासुद्धा. तिने लग्न केलं नव्हतं. लॉन्ड्रीच्या माडीवरच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि सकाळी सात वाजता खाली उतरून इस्त्रीच्या हॉलची दारं उघडायची. मुलाने शहराबाहेर नवा कारखाना काढला होता. तिथे चादर एका बाजूने मळकी आत जायची आणि दुसऱ्या बाजूने घडी होऊन बाहेर यायची. जुन्या हॉलमध्ये फक्त हातइस्त्रीचं नाजूक काम उरलं होतं आणि ते करणाऱ्या बावीस बायका.

साडेअकराला ताई आली. तिला आणायला पाठवलेली गाडी रिकामीच परत आली होती. ती बसने आली आणि फाटकापासूनचा सगळा चढ पायी चढून आली.

"गाडी पाठवली होती ना तुला?" दादा दारातच म्हणाले.

"बस येते की रे इथपर्यंत."

"येते, पण माझी बहीण बसने उतरते हे शेजारपाजाऱ्यांनी बघायचं का?"

"शेजारी दिसले तर कुठे? एवढ्या उंच भिंती घातल्यायत त्यांनी." ताईने पदराने कपाळ पुसलं. "छान आहे घर. हवा छान आहे."

हवेचं कौतुक म्हणजे घराबद्दल एक शब्द न बोलण्याची तिची रीत, हे दादांना बरोबर कळलं. त्यांनी तिला भिंत दाखवली, टेबल दाखवलं. ताईने टेबलावरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढ्याला कापड कुठून आणणार?" धुलाईच्या घरात जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार, असं मनाशी म्हणत दादा हसले. पण त्या एका प्रश्नाने टेबल उगीचच उघडंबोडकं दिसायला लागलं.

दिवाणखान्याच्या तोंडाशी एक काचेची पेटी होती. ती कल्पना सुनेची. आत एक पांढरं टेबलक्लॉथ, घडी घातलेलं, वरून छोटा दिवा सोडलेला. गेली अडतीस वर्षं ते ट्रंकेत, दादांच्या बायकोने गुंडाळलेल्या कागदात पडून होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मागच्या आठवड्यात सुनेने ट्रंक उघडली, कागद सोडला आणि घडी जराही न मोडता कापड काचेत ठेवलं. ताई पेटीपुढे उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असावं असं दादांना वाटलं, आणि मनातून ते सुखावले. काही झालं तरी ती त्या दिवसांची साक्षीदार होती.

त्या कापडाची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लॉन्ड्री तेव्हा म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन हौद आणि वाफेच्या तीन इस्त्र्या. एका शनिवारी सकाळी शहरातल्या मोठ्या हॉटेलचा माणूस धापा टाकत आला. त्यांच्या नेहमीच्या लॉन्ड्रीचा बॉयलर बसला होता. रविवारी संध्याकाळी मोठी मेजवानी आणि तीनशे टेबलक्लॉथ मळकी. दुसऱ्या कोणी हात जोडले असते. सव्वीस वर्षांचे दादा म्हणाले, ठेवा. रविवारी चार वाजता कापडं हॉटेलच्या दारात होती. शेवटच्या कापडाला वाफेची नळी फुटली आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला; म्हणून हॉटेलच्या मॅनेजरने दादांशी डाव्या हाताने हात मिळवला. मोजली तर कापडं तीनशे एक निघाली. मॅनेजर म्हणाला, हे एक तुमच्याकडेच ठेवा, आणि उद्यापासून हॉटेलचं सगळं काम तुमचं. इथे दादा बाही वर करून हातावरचा डाग दाखवायचे आणि म्हणायचे, "आणि ती तीनशे कापडं मी..." मग ते थांबायचे, आणि घरातले सगळे हातातले पेले उंचावून एका आवाजात म्हणायचे, "एकट्याने!"

ही घरची पद्धतच पडून गेली होती. सुनेला तर लग्न ठरायच्या आधीच ती शिकवण्यात आली होती.

धाकटा बारा वाजता बायकोला घेऊन आला. तिला बाग बघायला पाठवून तिघं भावंडं दादांच्या खोलीत बसली. धाकट्याचं वय चौपन्न, पोट सुटलेलं, पण दादांपुढे तो अजून खुर्चीच्या कडेवरच बसायचा. त्याच्या मुलीला दातांचा दवाखाना टाकायचा होता आणि त्यासाठी तो या व्यवहाराकडे डोळे लावून बसला होता. हे त्याने ताईला सांगितलं नव्हतं, दादांना सांगितलं होतं. थोडक्यात, सभा भरायच्या आधीच मतं मोजून झालेली होती.

"हं, बोल," दादा म्हणाले.

ताईने कापडी पिशवीतून एक कागद काढून दादांपुढे ठेवला. "सही करते मी. पण यावर तुम्ही दोघांनी करायची. इमारतीचे जे येतील त्यातले निम्मे हॉलमधल्या बायकांना. ज्यांची जितकी वर्षं, तितका वाटा."

धाकटा खुर्चीवरून अर्धवट उठला. दादा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"निम्मे."

"हो."

"का?"

"तीस तीस वर्षं उभं राहून काम केलंय त्यांनी."

"मग पगार कुणी दिला? एक तारखेचा पगार कधी दोन तारखेला गेलाय? बॉयलर बंद पडला, संप झाला, पूर आला, मी दिला पगार. आता सगळ्यांना तीन महिन्यांचा जास्तीचा देतोय. कुणी सांगितलं नव्हतं मला, मी आपण होऊन देतोय."

"देतोयस. मी नाही म्हणत नाही."

"मग?" आता मात्र दादांचा आवाज चढला. "ताई, सहा वर्षं मी मळक्या चादरींच्या गाठोड्यावर झोपलोय. लोकांच्या चादरी! तुझ्या वहिनीचं अंगावरचं मोडलं मी. मुलाचा पहिला वाढदिवस मी हौदात उभं राहून काढला. आणि आज साठी उलटल्यावर एक घर बांधलं, एक टेबल आणलं, तर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं? कुणाच्या बापाचं आणलं नाही. मेहनतीचं आहे. भिंत पाडीन, नाहीतर सोन्याची बांधीन. कुणी विचारायचं काम नाही."

"मी कुठे विचारलं टेबलाबद्दल?"

"तोंडाने नाही विचारलंस!"

धाकट्याने मध्ये तोंड घातलं. "ताई, अगं दादाचंही बरोबर आहे. त्याने जोखीम घेतली. बुडाला असता तर त्या बायका आल्या असत्या का कर्ज फेडायला?"

"नसत्या आल्या," ताई म्हणाली. "जोखीम दादाची होती, शंभर वेळा मान्य. मी तर म्हणते, जोखमीचं मिळालं म्हण, नशिबाचं मिळालं म्हण, मी आत्ता सही करून जेवायला बसते. पण तू तसं म्हणत नाहीस रे दादा. तू म्हणतोस, मेहनतीचं मिळालं. मेहनतीचंच म्हणायचं असेल, तर मग मेहनत कुणी कुणी केली ते बघावं लागेल. तिथे मला बोलायचंय."

दादांना कुणीतरी कॉलर धरल्यासारखं झालं. आयुष्यभर त्यांना लोकांनी कंजूष म्हटलं होतं, नंतर उधळ्या म्हटलं होतं. त्यांना कशाचं काही वाटलं नव्हतं, कारण आपण राबलो हे त्यांना ठाऊक होतं. तेवढी एक गोष्ट कुणी आजवर हातात घेऊन उलटीपालटी केलेली नव्हती.

"आणि तू?" ते म्हणाले. "तूही तिसरा हिस्सा घेत आलीस ना दरवर्षी? तेव्हा नाही बायका आठवल्या?"

"नाही आठवल्या," ताई खाली बघत म्हणाली. "घेतला मी. गप्प घेतला. म्हणून तर मलाही निम्म्यात धरलंय. माझ्या वाट्यातलंही जाईलच की."

"चल," दादा एकदम उठले. "चल बाहेर. तुला दाखवतो मेहनत कुणाची ते."

ते तरातरा काचेच्या पेटीपाशी गेले. मागून धाकटा, त्याच्या मागून ताई. आवाज ऐकून सून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली. दादांनी पेटीचं झाकण उघडून घडी हातात घेतली.

"हे बघ. हे मी केलंय. हे काय बावीस बायकांनी केलं?"

"दादा," ताई अगदी हळू म्हणाली, "खूण बघ."

लॉन्ड्रीतल्या प्रत्येक कापडाच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घातलेले असत. कुणाचं कापड ते त्यावरून कळायचं. घडी अशी घालायची की तो कोपरा वर यावा, उजव्या हाताला. मांडणीवर शंभर घड्या ठेवल्या तरी शंभर लाल खुणा उजवीकडे एका रांगेत. हे दादांनीच बसवलेलं वळण होतं. त्यांच्या हातातल्या घडीवर लाल खूण डाव्या बाजूला होती.

दादांनी घडी उलटी केली. खूण खाली गेली. परत सुलटी केली. परत डावीकडे.

सबंध लॉन्ड्रीत अशी घडी घालणारं माणूस एकच होतं. ती डावखुरी होती म्हणून सगळे तिला डावरी म्हणायचे. सुरुवातीला दादा तिच्यावर ओरडायचे, मग तिच्या घड्यांना त्यांनी वेगळी फळी करून दिली. "डावरीची फळी" अजून जुन्या हॉलमध्ये होती.

"चुकून हे तिचं राहिलं असेल," दादा म्हणाले. "तीनशेत एखादं तिने केलं असेल."

"एकशे एक्कावन्न," ताई म्हणाली. "मी चाळीस. तू एकशे दहा. खुणा तपासून गठ्ठे मीच बांधत होते, दादा."

"आणि हा?" दादांनी बाही वर केली. डाग कोपरापासून मनगटापर्यंत, जुना, चकचकीत. "हा काय आपोआप आला?"

उत्तर धाकट्याकडून आलं, आणि ते देताना तो दादांकडे न बघता फरशीकडे बघत होता.

"शनिवारी दुपारी भाजलं तुला. रविवारी नाही. मीच तुला सायकलवर डबलसीट घालून डॉक्टरकडे नेलं. ऊन काय होतं त्या दिवशी! तू वाटेत दोनदा ओकलास. डॉक्टरने गोळी दिली, तू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून होतास. मग उठलास आणि टेम्पोत पुढे बसून हॉटेलात गेलास."

"तू हे कधी बोलला नाहीस."

"तू इतकं छान सांगायचास," धाकटा म्हणाला. "आणि मी सोळा वर्षांचा होतो. मग सतरा झालो, अठरा झालो... कधी बोलणार?"

दादांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना इस्त्रीचा दांडा आठवत होता, वाफेचा फुत्कार आठवत होता, मॅनेजरचा डावा हात आठवत होता. मधला दीड दिवस नव्हताच. त्या जागी त्यांनी केव्हातरी स्वतःला उभं करून टाकलं होतं आणि मग तेच खरं धरून चालले होते. खोटं बोललो असं त्यांना मुळीच वाटेना, आणि ते फार वाईट होतं. उजवा हात बांधलेला होता म्हणून डावा मिळवला, हे ते स्वतःच अडतीस वर्षं हसत सांगत आले होते; शेवटच्या कापडाला भाजलेला हात चारच्या आत बांधला कधी, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"डावरीला विचारायला हवं," ते म्हणाले. खरं तर त्यांना तिथून फक्त निघून जायचं होतं.

सून अडखळत म्हणाली, "बाबा, त्या इथेच आहेत."

"कोण?"

"डावरीबाई. टेबलावरचे रुमाल दुकानातून चुरगळलेले आले. आपल्या घरी इस्त्रीच नाही ना. म्हणून सकाळी हॉलमधून त्यांना इस्त्री घेऊन बोलावलं."

नव्या घरात लिफ्ट होती, गाड्यांसाठी चार जागा होत्या, वाइनला वेगळं कपाट होतं. इस्त्री नव्हती. कपडे जुन्या हॉलमध्ये जाऊन यायचे, त्यामुळे कुणाला कधी तिची गरज भासली नव्हती.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत डावरी उभी होती. फळीवर चादर अंथरलेली, बाजूला पाण्याचा वाडगा, पलीकडे रुमालांचा गठ्ठा. वय साठीच्या पुढचं, अंगाने काटकुळी. दादांना बघून तिने इस्त्री उभी केली.

"झालेच दादा. सहा राहिलेत."

दादांच्या हातात अजून ते टेबलक्लॉथ होतं. त्यांनी ते उलगडून तिच्यापुढे टाकलं. "याची घडी घाल."

तिने कापडाकडे नीट पाहिलंही नाही. दोन टोकं धरली, झटकलं, डाव्या हाताने काठ आत घेतला, तळवा फिरवला आणि घडी त्यांच्यापुढे ठेवली. लाल खूण डावीकडे, जुन्या मोडीवरच.

"हॉटेलच्या त्या तीनशे कापडांचं आठवतंय तुला?"

"आठवतंय की. तुमचा हात भाजला होता."

"मी गेल्यावर तू किती केलीस?"

"मोजली नाहीत. ताई मोजत होत्या." ती किंचित हसली. "सोमवारी तुम्ही सुट्टी दिली होती मला. पगारी. घरी जाऊन नुसती झोपले मी. धाकटी पोर रडून रडून शेजारणीकडे गेली, तरी मला पत्ता नाही."

पगारी सुट्टी! ती दिल्याचं मात्र दादांना लख्ख आठवलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्या दिवशी वाटलं होतं, तेही आठवलं. त्यांनी इस्त्री उचलली. का उचलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक रुमाल फळीवर घेतला, दुसरा घेतला. चौथ्याला खांदा भरून आला आणि मधोमध एक सुरकुती कायमची दाबली गेली.

"राहू द्या दादा," डावरीने हलकेच इस्त्री काढून घेतली, सुरकुतीवर पाणी शिंपडलं आणि रुमाल पुन्हा केला. मग खाली बघतच विचारलं, "हॉल विकला म्हणतात. येत्या सोमवारी कुठे यायचं मी?"

बाहेर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. गोदामवाला आला होता. दादा खोलीतून बाहेर पडले.

जेवताना दादांनी काय खाल्लं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. गोदामवाल्याने भिंतीचं कौतुक केलं, टेबलाचं केलं, त्याच्या बायकोने फुलदाण्यांचं केलं. मुलगा खुशीत होता. मधल्या वेळात काय घडलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुनेने दोनदा त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण तो व्यवहाराच्या गप्पांत रंगला होता. ताई समोरच्या ताटाकडे बघत होती. तिच्या मांडीवर तो कागद होता. प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक रुमाल होता, आणि आठही रुमालांचे काठ डावीकडे होते. इतरांना त्यात काही दिसत नव्हतं. दादांना दुसरं काही दिसत नव्हतं.

फळं आली तसा मुलाने चमचा पेल्यावर वाजवला. "सह्यांच्या आधी आमच्याकडे एक पद्धत आहे. बाबा, ती गोष्ट होऊ द्या."

"आज नको," दादा म्हणाले.

"असं कसं? पाहुणे काय म्हणतील?"

गोदामवाला मान पुढे करून बसला. दादांनी उठून पेला हातात घेतला. गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की ती आपोआप सुरू झाली. पत्र्याची शेड आली, हौद आले, धापा टाकणारा माणूस आला. पाहुणे योग्य ठिकाणी हसले. दादांना स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा ऐकू येत होता. "मॅनेजरने डाव्या हाताने हात मिळवला," ते म्हणाले, "आणि म्हणाला, उद्यापासून सगळं काम तुमचं. आणि ती तीनशे कापडं मी..."

"एकट्याने!" मुलगा गरजला. त्याच्या मागोमाग धाकट्याची बायकोही, सवयीने. सुनेचे ओठ हलले पण आवाज आला नाही. ताईचा आणि धाकट्याचा पेला टेबलावरच होता.

दादा उभेच राहिले.

"एकशे दहा," ते म्हणाले.

मुलगा हसला. "काय बाबा?"

"माझी एकशे दहा होती. चाळीस ताईची. बाकीची जिने केली, ती आत तुमच्या रुमालांना इस्त्री करत होती. मी त्या वेळी झोपलो होतो."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. गोदामवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी डावरी दारात आली. हातात गुंडाळलेली वायर आणि इस्त्री.

"ताई, झालं माझं. निघते मी."

"थांब!" दादा जवळजवळ ओरडलेच. त्यांचा चेहरा फुलला होता. आता काय करायचं ते त्यांना सुचलं होतं. "खुर्ची आणा. इथे, माझ्या शेजारी. आज ही आपल्याबरोबर जेवेल. या टेबलावर पहिला मान तिचा!"

सून खुर्ची ओढायला धावली. डावरी गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

"नको दादा," ती संकोचून म्हणाली. "दोनची बस चुकेल. नंतरची एकदम साडेचारला आहे." आणि कुणी आणखी काही म्हणायच्या आत ती मागच्या दाराने गेलीसुद्धा. तिची पावलं खडीवरून चढ उतरताना सगळ्यांना ऐकू येत राहिली.

दादा खाली बसले. त्यांचा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर होता. "मानी आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. "पण मी तिला विसरणार नाही. तिच्यासाठी काहीतरी करीन मी, नक्की करीन."

ताईने मांडीवरचा कागद टेबलावर ठेवला आणि फुलदाणी बाजूला करून त्यांच्याकडे सरकवला.

"ही परत पगारी सुट्टीच झाली, दादा," ती म्हणाली. "सही कर."

मुलाने कागद ओढून वाचला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "निम्मे? बाबा, निम्मे? तुम्ही मेहनतीने..."

"गप्प बस," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादांच्या घरात कुणाला गप्प बसवलं होतं. त्याने खिशातून पेन काढलं, मुलीचा दवाखाना डोळ्यांपुढे आल्यामुळे क्षणभर डोळे मिटले, आणि आपली सही केली. मग पेन दादांच्या ताटाशेजारी ठेवलं.

दादांनी टेबलाकडे पाहिलं, त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. अजूनही त्यांना आतून वाटत होतं की हे सगळं आपलंच आहे, आपणच राबलो आहोत. ते तसं वाटायचं कधी थांबेल असंही त्यांना दिसेना. रुमालाने त्यांनी तोंड पुसलं आणि पेन उचललं. लिहिताना बाही मागे सरकली, डाग उघडा पडला. दादांनी सही पूर्ण केली आणि बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावलं.